मृताला तोंड हवे

एम. ए. भाग दोनच्या चर्चासत्रासाठी विद्यार्थ्यांनी आपापले विषय स्वतः निवडावेत, असे आम्ही जाहीर केले तेव्हा त्या औदार्याची किंमत काय पडेल याची आम्हांला कल्पना नव्हती. बहुतेक विषय अपेक्षेप्रमाणेच आले : ग्रामीण कादंबरीतील स्त्री, नवकवितेतील महानगर, दलित आत्मकथनांची भाषा. यांवरील निबंध कोणत्या मार्गदर्शिकेच्या कोणत्या पानांवरून उतरणार, हेही आम्हांला साधारण ठाऊक होते. एका विद्यार्थिनीने मात्र चिठ्ठीवर लिहून दिले, 'भूमिकाखेळांतील प्रेतविद्या आणि तिच्या पायऱ्या'. ती चिठ्ठी आम्ही दोनदा वाचली. मराठी विभागाच्या चर्चासत्रात संगणकावरचे खेळ, आणि त्यांतही हाडांचे सांगाडे उठवणारे मांत्रिक! तिला बोलावून आम्ही आमची अडचण सांगितली. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, अद्भुताची परंपरा तुम्हीच शिकवलीत. सर आम्हांला कथनमीमांसा शिकवतात. यात दोन्ही आहे. फक्त पुस्तक नाही."

या युक्तिवादाला आमच्याकडे उत्तर नव्हते. विषय मंजूर झाला.

आम्ही म्हणजे एकाच विभागातील, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणारे दोन अध्यापक. वय चाळिशीच्या मध्यावर. दोघांनीही एम. ए. एकाच सरांच्या हाताखाली केले आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांची 'लीळाचरित्रा'ची अभ्यासपत्रिका आम्हां दोघांत वाटली गेली. तिच्याबरोबर त्यांच्या सात वह्याही आल्या. सरांना जाऊन आता काही वर्षे झाली. वह्या आमच्या टेबलामागच्या लोखंडी कपाटात आहेत. हे इथे सांगण्याचे कारण पुढे येईल.

दिवाळीच्या सुटीत आम्ही हे खेळ समजून घ्यायचे ठरवले. ज्या विषयावर गुण द्यायचे तो विषय परीक्षकाला ठाऊक असावा, इतपत सचोटी आमच्यात अजून शिल्लक आहे. विद्यार्थिनीने दोन नियमपुस्तके आणि खेळांची एक यादी दिली. आमच्यापैकी एकाच्या घरी भाच्याचा संगणक होता. पहिल्या संध्याकाळी आमचा मांत्रिक एका काटेरी उंदराच्या हातून तीन वेळा मेला. सवयीने हात बसला.

ज्यांना हे विश्व परके आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवे. भूमिकाखेळात खेळणारा एक पात्र धारण करतो. त्या पात्राला वर्ग असतो : योद्धा, पुरोहित, जादूगार. अनुभव साठत गेला की पात्राची पातळी वाढते आणि प्रत्येक पातळीबरोबर नवी शक्ती मिळते. या साऱ्याचे मूळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी प्रसिद्ध केलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात आहे. तो संगणकाशिवाय, टेबलाभोवती बसून, कागद, फासे आणि बोलणे यांवर खेळतात. मृतांना उठवून कामाला लावण्याचा मंत्र त्या पहिल्या नियमपुस्तकांतही होता. म्हणजे ही विद्या या प्रकाराइतकीच जुनी आहे.

भाषेचे अध्यापक म्हणून आम्ही प्रथम शब्दांशी अडखळलो. 'नेक्रोमॅन्सी' हा शब्द ग्रीक. त्याचा पूर्वार्ध म्हणजे प्रेत आणि उत्तरार्ध म्हणजे भविष्यकथन. मुळात या शब्दात सेना नाही, युद्ध नाही, हुकूमही नाही. मृताला प्रश्न विचारून जाणून घेणे एवढाच अर्थ आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये उच्चार बिघडून त्यात 'काळा' या अर्थाचे पद शिरले आणि विद्येला काळी छटा आली. दुसरा शब्द 'अनडेड'. मेलेला, तरीही न मेलेला. याला मराठी प्रतिशब्द काढायला बसलो तर शब्दशः हाती येतो तो 'अ-मृत'. आपल्या भाषेने ज्या पदावर देवांचे पेय, मोक्ष आणि ज्ञानदेवांच्या ग्रंथाचे नाव बसवले, त्याच पदात इंग्रजी भाषेने चालते प्रेत बसवले आहे! तो प्रतिशब्द आम्ही सोडून दिला. पण एक विचार मनात राहिला. मरण न येणे ही गोष्ट एका परंपरेत वरदान ठरते आणि दुसरीत वेठ. त्या 'अ'ची मालकी कोणाकडे आहे, यावर बहुधा ते ठरते.

आता पायऱ्या. 'डायब्लो २' हा खेळ २००० साली आला आणि त्यातील नेक्रोमॅन्सरने या विद्येला तिचे सर्वांत सुबक कोष्टक दिले. त्याच्या शक्तींच्या तीन शाखा आहेत : आवाहन, विष आणि अस्थी, शाप. आवाहनाच्या शाखेत पहिल्याच पातळीला सांगाडा उठवता येतो. सहाव्या पातळीला मातीचा गोलेम, बाराव्याला मंत्र फेकणारे सांगाडे, अठराव्याला रक्ताचा गोलेम, चोविसाव्याला लोखंडाचा, तिसाव्याला अग्नीचा. त्याच तिसाव्या पातळीला शेवटची विद्या मिळते, पुनरुज्जीवन. तिच्या बळावर मेलेला राक्षस आपल्या मूळ देहाने आणि मूळ ताकदीने उभा राहतो, पण फक्त १८० सेकंद.

सुरुवातीच्या नियमांत सांगाड्याच्या कौशल्यात जितके गुण घालाल तितके सांगाडे मिळत. २००३ च्या १.१० या सुधारणेने ते बदलले. पहिल्या तीन गुणांना एकेक सांगाडा, त्यानंतर प्रत्येक तीन गुणांमागे एक. म्हणजे वीस गुण खर्च करूनही फौज आठांची; तिच्याऐवजी एकेक सांगाडा अधिक बळकट. संख्येकडून बळाकडे नेणारा हा बदल खेळाच्या दृष्टीने शहाणपणाचा होता. पडद्यावर वीस सांगाड्यांची दाटी झाली की दार अडते, खेळणाऱ्याला स्वतःचे पात्र दिसत नाही, आणि त्याला करण्यासारखेही काही उरत नाही.

आम्हांला थबकवले ते एका साध्या गोष्टीने. या खेळात प्रेत कोणाचेही असो, उंदराचे, किड्याचे, राक्षसाचे, त्यातून उठणारा सांगाडा नेहमी माणसाचाच असतो आणि सगळे सांगाडे एकसारखे असतात. आत कोण होते हे विचारायची सोय नाही. प्रेत हा कच्चा माल आहे. त्याचा सांगाडा करावा की दुसऱ्या शाखेतील मंत्राने त्याचा स्फोट करून आसपासच्या शत्रूंना मारावे, एवढाच प्रश्न खेळणाऱ्यापुढे असतो. खेळ बंद करून दुसऱ्या दिवशी उघडला की सांगाड्यांची फौज नाहीशी झालेली असते. तिचे कोणाला काही वाटत नाही. पुढच्या वळणावर नवी प्रेते असतातच.

या हिशेबी वृत्तीचे टोक आम्हांला १९९९ च्या 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' मध्ये दिसले. त्यात प्रेतविद्या हे सेनापतीचे एक कौशल्य आहे. लढाई जिंकली की मेलेल्या शत्रूंपैकी ठराविक हिस्सा सांगाडे होऊन आपल्या फौजेत येतो : प्राथमिक पायरीला १० टक्के, मधल्या पायरीला २०, वरच्या पायरीला ३०. इथे प्रेत दिसतही नाही. लढाईनंतर फक्त आकडा वाढतो. शेकड्यांचे हजार होतात. व्याजाचे कोष्टक समजणाऱ्या माणसाला ही विद्या शिकवावी लागत नाही.

हे सगळे आम्ही नाक मुरडून लिहीत आहोत असे वाचकांनी समजू नये. खरे सांगायचे तर आम्हांला मजा येत होती. रात्री अकरा वाजता, घर झोपलेले असताना, अंधाऱ्या भुयारातून आपल्या मागे आठ सांगाडे खुळखुळत चालले आहेत यात एक विचित्र दिलासा आहे. बाकीचे वर्ग एकटे लढतात. हा मांत्रिक कधी एकटा नसतो. विद्यार्थिनीला आम्ही हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "हो ना सर, यात मरण वाया जात नाही." हे वाक्य आम्ही आमच्या टिपणवहीत उतरून घेतले. या विद्येचे सगळे आकर्षण त्यात आले आहे, आणि तिची सगळी भीतीही.

२०११ च्या 'स्कायरिम'मध्ये ती भीती ऐकू येते. त्यात उत्थापनाचे पाच मंत्र नवशिक्यापासून आचार्यापर्यंत चढत जातात. वरच्या मंत्राने अधिक बलवान प्रेत उठते. पहिल्या चारांची मुदत ६० सेकंद. नंतर देहाची राख होते. पाचव्या मंत्राला मात्र मुदत नाही. तो माणसांच्याच प्रेतांवर चालतो आणि उठलेला कायमचा दास होतो. या खेळात उठवलेला माणूस आपले नाव राखून असतो. तो लढताना कण्हतो, आणि पुन्हा कोसळताना सुटका झाल्यासारखे काही पुटपुटतो. पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा आमच्यापैकी एकाने खेळ थांबवला आणि उठून पाणी प्यायले. 'डायब्लो'च्या सांगाड्यांनी आमची झोप कधी उडवली नव्हती. त्यांना नाव नव्हते, आवाज नव्हता.

यानंतर आम्ही नियमपुस्तके वाचायला घेतली, आणि जी गोष्ट खेळून कळली नव्हती ती तिथे काळ्या शाईत छापलेली सापडली. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या नियमांत, पाचव्या पातळीला पोहोचलेल्या पुरोहितापुढे तिसऱ्या श्रेणीचे मंत्र खुले होतात. त्यांत दोन मंत्र शेजारी-शेजारी आहेत. एक मृतांना उठवण्याचा, दुसरा मृतांशी बोलण्याचा.

पहिल्या मंत्राने हाडांचा सांगाडा उठतो किंवा प्रेताचे चालते शव होते. ते २४ तास हुकूम पाळते. मुदत संपण्यापूर्वी मंत्र पुन्हा म्हटला तर ताबा टिकतो, आणि एका मंत्रात जास्तीत जास्त चार जणांवरचा ताबा असा नवा करता येतो. विसरलात तर ते हुकूम मानीनासे होतात. म्हणजे सेना जितकी मोठी, तितका मांत्रिक रोज त्याच त्या मंत्रांत अडकलेला. नियमपुस्तक असेही बजावते की हे सत्कृत्य नव्हे, आणि दुर्जनच त्याचा वारंवार आश्रय घेतात. त्याआधीच्या, २००३ च्या नियमांत या मंत्राला द्रव्यही लागे : प्रत्येक प्रेताच्या तोंडात किंवा डोळ्याच्या खोबणीत काळ्या ऑनिक्सचा खडा ठेवायचा, प्रेत जितके बलवान, तितका खडा महाग. आपल्याकडे जाणाऱ्याच्या मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र घालतात ते त्याचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. इथे खडा ठेवतात तो त्याचा प्रवास रोखण्यासाठी.

दुसऱ्या मंत्राने प्रेत दहा मिनिटे बोलते. पाच प्रश्न विचारता येतात. आत्मा परत येत नाही. उत्तर देणाऱ्याला जिवंतपणी जे ठाऊक होते तेवढेच ठाऊक असते. तो नवे काही शिकत नाही, पुढे काय होईल याचा अंदाज बांधत नाही. उत्तरे त्रोटक असतात, गूढ असतात, पुनरुक्तीने भरलेली असतात, आणि प्रश्न विचारणारा शत्रू असेल तर खरे बोलण्याचे बंधनही प्रेतावर नसते. एकदा विचारले की दहा दिवस पुन्हा विचारता येत नाही. आणि अट अशी की प्रेताला तोंड शाबूत असावे, आणि ते आधीच उठवलेले नसावे.

ही शेवटची अट वाचून आम्ही एकमेकांकडे पाहिले. नियम करणाऱ्याने तो बहुधा व्यवहारापुरता केला असेल. पण त्याचा अर्थ स्पष्ट होता : ज्या मृताला तुम्ही कामाला लावले, त्याला प्रश्न विचारता येत नाही. पाचव्या पातळीला रस्ता फुटतो, आणि एका प्रेतापुरते पाहिले तर दोन्ही वाटांनी एकाच वेळी जाता येत नाही.

मग लक्षात आले की खेळांमधील बहुतेक सारी प्रगती एकाच फाट्यावरची आहे. जादूगारांच्या प्रेतविद्याशाखेकडे पाहावे. सहाव्या पातळीला एक मृत अधिक उठतो आणि सगळे अधिक कणखर होतात; चौदाव्या पातळीला तर दुसऱ्यांनी उठवलेले मृतही आपल्याकडे ओढता येतात. अधिक संख्या, अधिक मुदत, अधिक बळ, अधिक ताबा. पाचाऐवजी सहा प्रश्न विचारता येतील, उत्तरे अधिक मोकळी मिळतील, मृत उलट काही विचारेल, अशी पायरी मात्र आम्हांला त्यांत दिसली नाही. २०२३ च्या 'डायब्लो ४' मध्ये हा रस्ता त्याच्या तर्कशुद्ध शेवटापर्यंत गेला आहे. तिथे मांत्रिकाजवळ 'मृतांचा ग्रंथ' असतो, आणि त्यात असाही पर्याय आहे की एखाद्या जातीच्या मृतांना उठवणेच सोडून द्यायचे आणि त्यांच्या मोबदल्यात स्वतःचे बळ कायमचे वाढवून घ्यायचे. दास नको, त्याच्यातले सत्त्व तेवढे हवे.

दुसऱ्या वाटेने गेलेला एक खेळ विद्यार्थिनीच्या यादीत शेवटी होता, १९९९ चा 'प्लेनस्केप : टॉरमेंट'. त्याचा नायक शवागारातल्या ओट्यावर जागा होतो. त्याला स्वतःचे नाव आठवत नाही. तो कितीदा मेला आणि उठला याचा त्यालाच हिशेब नाही. त्या शवागारात चालती प्रेते हमाली करतात. त्यांच्या अंगावर क्रमांक आहेत, काहींचे ओठ शिवलेले आहेत. ती जिवंत असताना त्यांनी थोड्या पैशांसाठी करार केला होता, मेल्यावर आमचा देह तुमचा. वेठीचा इतका स्वच्छ कायदेशीर मसुदा दुसऱ्या कुठल्या खेळात आम्ही पाहिला नाही. नायक पुढे भुयारांतल्या मृतांच्या वस्तीत पोहोचतो आणि तिथल्या एका मृत स्त्रीकडून त्याला हरवलेली विद्या परत मिळते, हाडांच्या तोंडून त्यांच्या कथा ऐकण्याची. या नायकाने हुकूम सोडावा तर तो कोणावर? तोही मृतांपैकीच एक. तो विचारत राहतो, आणि उत्तरांतून त्याच्यापुढे त्याचाच भूतकाळ उभा राहतो. त्यातली बरीच उत्तरे त्याला आवडणारी नसतात.

इथवर आल्यावर आम्हांला आमची पुस्तके आठवली, हे ओघानेच आले. 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात ओडिसिअस खड्डा खणून त्यात मेंढ्यांचे रक्त ओततो आणि टायरीसिअस या द्रष्ट्याची वाट पाहतो. पण सर्वांत आधी येतो त्याचा साथीदार एल्पेनोर, आणि तो उत्तर द्यायला आलेला नसतो. माझे दहन करा, मला तसाच टाकून गेलात, ही त्याची मागणी असते. ओडिसिअस ती मान्य करतो. त्यानंतर आई येते. तिला तो तीनदा मिठी मारू पाहतो आणि तीनदा हात रिकामे राहतात. शब्दाच्या मूळ अर्थाने ही नेक्रोमॅन्सी आहे. तिच्यात मृतांना नावे आहेत, मागण्या आहेत, आणि जिवंत माणूस रिकाम्या हातांनी परततो.

आपल्याकडचे शुक्राचार्य तर मेलेल्या दैत्यांना उठवून पुन्हा रणात पाठवत. फौजेचा हिशेब तिथेही होता, पण उठलेला दैत्य तोच असे. आणि कचाला त्यांनी हाक मारली तेव्हा उत्तर त्यांच्याच पोटातून आले. गुरूने शिष्याला जिवंत करावे तर गुरूने मरावे, असा पेच पडला. म्हणून विद्या आधी शिष्याला द्यावी लागली आणि बाहेर आलेल्या शिष्याने गुरूला उठवले. खाडिलकरांनी १९१३ साली या कथेवर 'विद्याहरण' लिहिले. नाटकाच्या नावात विद्या पळवल्याचा सूर आहे. तिथे एकाने दुसऱ्याला उठवले आणि दुसऱ्याने पहिल्याला, हे आम्ही वर्गात कधी नीट सांगितले नव्हते.

पण सर्वांत जवळचा आधार मिळाला तो वेताळाचा. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये 'कथासरित्सागर' रचले, त्यात वेताळाच्या कथा आहेत. शिंशपावृक्षावरचे प्रेत घेऊन ये, असे एक भिक्षू राजाला सांगतो. खरा नेक्रोमॅन्सर तो भिक्षू. त्याला प्रेत साधनेसाठी हवे आहे आणि राजा बळीसाठी. प्रेत खांद्यावर वाहून आणतो तो राजा, आणि वाटेत वेताळ बोलतो तो राजाशीच. तो कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. इथे पहिल्यांदा मृत विचारतो आणि जिवंताने उत्तर द्यायचे आहे. ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल. बोललास तर मी झाडावर परत जाईन. भिक्षूला स्मशानात बसून यातला एकही प्रश्न ऐकू आला नाही. अखेर ज्या प्रश्नाचे उत्तर राजाला सुचले नाही त्या प्रश्नापाशीच त्याचे प्राण वाचले; मौनावर प्रसन्न होऊन वेताळाने त्याला भिक्षूचा बेत सांगितला.

चर्चासत्राच्या दिवशी विद्यार्थिनी बरी बोलली. शेवटी तिने वर्गाला एक खेळ दिला. कोणत्याही एका मृत माणसाला पाच प्रश्न विचारायचे, नियम पुस्तकातलेच. मुले चिठ्ठ्या लिहू लागली. आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. आम्हांलाही तिने कागद दिला. न बोलता दोघांनीही वर एकच नाव लिहिले, सरांचे. मग दोघांचीही लेखणी थांबली.

पहिला प्रश्न सुचला तो एका शब्दाच्या व्युत्पत्तीचा. तिचे उत्तर तिसऱ्या वहीत आहे. दुसरा एका पाठभेदाचा. तो पाचव्या वहीत. सरांना ठाऊक होते तेवढेच त्यांना ठाऊक असणार, आणि ते सगळे आमच्या कपाटात होते. कागद कोरा राहिला. त्या कोऱ्या कागदाकडे पाहताना आमच्या पायऱ्या आम्हांला दिसू लागल्या. पहिल्या वर्षी आम्ही सरांच्या एका वहीतले एक व्याख्यान वाचून दाखवले. दुसऱ्या वर्षी पूर्ण पत्रिका. पुढे वेळ वाचावा म्हणून टिपणे उतरवून देऊ लागलो, मग त्यांच्या झेरॉक्स निघाल्या, मग त्या मुलांच्या फोनवर गेल्या. मूल्यमापनाचे गुण मोजण्याचा काळ आला तेव्हा त्याच वह्यांतून आम्ही दोघांनी मिळून दोन शोधनिबंध केले. ऋणनिर्देश एका ओळीचा. गुण मिळाले आणि पातळीही वाढली. दरवर्षी जूनमध्ये कपाट उघडायचे, वह्या उठवायच्या, त्या चालू लागायच्या. शिकवताना सरांना आम्ही शेवटचा प्रश्न कधी विचारला होता, हे दोघांनाही आठवेना.

त्या संध्याकाळी आम्ही वह्या काढल्या आणि बऱ्याच वर्षांनी उतरवून देण्यासाठी नव्हे तर वाचण्यासाठी वाचल्या. 'लीळाचरित्र' हा ग्रंथ कसा झाला ते पहिल्या वहीत आहे. चक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यावर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या आणि इतर अनुयायांच्या आठवणी विचारून विचारून लीळा गोळा केल्या. मराठी गद्याचा हा आरंभीचा ग्रंथ मुळात विचारपूस आहे. हे सगळे आम्ही दरवर्षी उतरवून देतो. त्या पानाच्या समासात सरांनी तांबड्या पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे : म्हाइंभटांनी कोणाला विचारले नाही? तिच्याखाली काही नाही. ती ओळ आम्ही दोघांनीही पूर्वी पाहिली होती. परीक्षेत ती येणार नाही म्हणून उतरवून दिली नव्हती, आणि झेरॉक्समध्ये तांबडी पेन्सिल नीट उठत नाही.

यंदा अभ्यासपत्रिकेचे पहिले व्याख्यान आम्ही दोघांनी एकत्र घेतले. फळ्यावर ती ओळ लिहिली, ती कोणाची आहे ते सांगितले आणि खाली बसलो. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग एका मुलाने हात वर करून विचारले की याचे उत्तर कोणत्या टिपणात मिळेल. कोणत्याच टिपणात नाही, आम्हांलाही ते ठाऊक नाही, असे आम्ही सांगितले. त्याने वही मिटली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने उघडली.